शेतकरी कुटुंबाची काटकसर : कोठे करावी, कोठे करू नये

मृग नक्षत्र लागते तेव्हा शेतकऱ्याच्या घरातील रोख रक्कम बहुधा पेरणीत गेलेली असते. बियाणे, खत, मशागतीचे भाडे ही देणी एकदम उभी राहतात आणि त्याच पंधरवड्यात शाळा उघडल्यामुळे मुलांच्या वह्या, गणवेश व दप्तरे यांचाही खर्च अंगावर येतो. पुढे आषाढ व श्रावण हे दोन महिने तर घरात येणारे असे काहीच नसते. भाद्रपदात मूग-उडीद निघाले तर थोडा हात सैल होतो, पण रब्बीच्या पेरणीची तयारी तोही पैसा ओढून घेते. नेमक्या याच दिवसांत विहिरी-ओढ्यांचे पाणी गढूळ होते, जुलाब सुरू होतात, डास वाढून हिवताप व डेंग्यू पसरतात. पैसा नसण्याचा काळ आणि आजारपणाचा काळ असे एकाच वेळी येतात. नोकरदाराचे अंदाजपत्रक महिन्याचे असते, शेतकऱ्याचे मात्र हंगामाचे असते, ही गोष्ट घरच्या खर्चाचा विचार करताना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

काटकसरीचा उपदेश शेतकऱ्याच्या घराला नवा नाही आणि खरे पाहता त्याची फारशी गरजही नाही. कोरडवाहू भागातील गृहिणी जन्मभर काटकसरच करीत आलेली असते. प्रश्न आहे तो ती काटकसर कोठे होते हा. पैसा संपत आला की पहिली कात्री डाळीला लागते व आमटी पातळ होते. त्यानंतर भाजी व दूध यांचा क्रम लागतो आणि शेवटी औषधपाणी लांबणीवर पडते. तंबाखूची पुडी, नाक्यावरचा चहा, भावकीतील कार्याचा आहेर मात्र चालूच राहतात. याचे कारण उघड आहे. डाळ कमी करताना कोणाला विचारावे लागत नाही, कोणाचा रुसवा पत्करावा लागत नाही. चुलीपाशी बसलेली बाई मुठीतले चार दाणे कमी करते, आणि ही कपात कोणत्याही वहीत नोंदली जात नाही.

उदाहरणादाखल मंगळवेढ्याच्या बाजूचे एक पाच माणसांचे घर डोळ्यांपुढे आणावे. कर्ता पुरुष, त्याची पत्नी, वृद्ध आई आणि शाळेत जाणारी दोन मुले. पाच एकर कोरडवाहू जमीन, त्यात खरिपाला थोडी बाजरी व तूर आणि रब्बीला ज्वारी, दावणीला एक गाय. तूर पौष-माघात निघते, ज्वारी फाल्गुनात घरी येते. वर्षातील खरा पैसा या तीन महिन्यांतच हाती येतो. म्हणून वर्षाचे अंदाजपत्रक आखण्याची वेळही हीच होय. आषाढात अंदाजपत्रक करू म्हटले, तर त्या वेळी वाटणी करण्यासारखे काही उरलेले नसते.

या घराला वर्षाचे धान्य किती लागेल, याचा हिशेब अवघड नाही. लहानमोठे सर्व मिळून रोज सुमारे दीड किलो धान्य धरले, तर महिन्याचे 45 किलो व वर्षाचे सुमारे साडेपाच क्विंटल होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 अन्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते आणि 1 जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. पाच माणसांचे वर्षाला तीन क्विंटल शिधापत्रिकेवर आले, तर उरलेली अडीच क्विंटल ज्वारी-बाजरी घरची ठेवली की भाकरीची चिंता मिटते. येथपर्यंत बहुतेक घरांचे गणित बरोबर असते. ते चुकते डाळीपाशी.

दर माणशी रोज 60 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य असा साधारण हिशेब धरावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस याहून अधिक आहे; तीन भाग धान्यास एक भाग डाळ असावी, असे ती संस्था सांगते. पण 60 ग्रॅमचाच हिशेब केला, तरी पाच माणसांना रोज 300 ग्रॅम, महिन्याला 9 किलो आणि वर्षाला एक क्विंटलहून थोडी अधिक डाळ लागते. एवढ्या डाळीसाठी साधारण दीड क्विंटल तूर भरडावी लागेल. आता असे होते की, आवक भर असताना सगळी तूर बाजारात जाते आणि पावसाळ्यात तीच तूर डाळ होऊन किराणा दुकानातून किलोकिलोने परत येते. तिच्यावर हमाली, वाहतूक, गिरणीची मजुरी आणि दोन-तीन हातांचा नफा चढलेला असतो. उधारीवर घेतली असेल तर भाव आणखी वेगळा. अशा महाग डाळीची आमटी पातळ झाली, तर त्यात गृहिणीचा दोष तो कोणता?

म्हणून तूर मळून झाल्यावर बाजाराची गाडी भरण्यापूर्वी घरचे माप काढून ठेवावे. या बाबतीत घरातील वृद्ध स्त्रियांचे शहाणपण अनेकदा कर्त्या पुरुषापेक्षा सरस ठरते. सून हळूच विचारते, "आत्याबाई, तूर सगळीच गेली तर आखाडात आमटी कशाची करायची?" आणि आत्याबाई मुलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "आधी घरचं माप काढ बाळा, मग जा बाजाराला." देणेकऱ्यांचा तगादा डोक्यावर असताना हे बोलणे मुलाला रुचत नाही हेही खरे. पण दीड क्विंटल तुरीची किंमत देण्यात भरली, तरी आषाढात डाळीसाठी नवे देणे उभे राहतेच.

ठेवलेले धान्य टिकविणे हा काटकसरीचा दुसरा, आणि फारसा कष्टाचा नसलेला भाग. तूर अख्खी ठेवण्यापेक्षा तिची डाळ करून ठेवावी. कडधान्याचा भुंगेरा अख्ख्या दाण्यावर जितका पडतो तितका भरडलेल्या डाळीवर पडत नाही. अख्खे मूग-चवळी ठेवावयाचे असल्यास किलोस चहाचा एक चमचा या प्रमाणात खाण्याचे तेल चोळून ठेवावे. ज्वारी कडक उन्हात वाळवून, दाणा दाताखाली कट्‌कन फुटेल इतकी कोरडी झाल्यावर व पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरावी. कोठी भिंतीस टेकवू नये, जमिनीवर फळ्या किंवा विटा मांडून त्यांवर ठेवावी. जुने पोते वापरावयाचे असल्यास उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे. या कामास पैसा लागत नाही, दोन दिवस लागतात.

येथे एका जीवघेण्या चुकीची जाणीव करून देणे अवश्य आहे. कीड लागलेल्या धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून तेच धान्य राहत्या खोलीत ठेवण्याची पद्धत काही घरांतून आढळते. हवेतील ओलाव्याने या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावतात, आणि या विषावर खात्रीचा उतारा नाही. या गोळ्या घरगुती वापराच्या नाहीतच. धुरीकरणाचा परवाना असलेल्या माणसांनीच त्या गोदामात वापरावयाच्या असतात. तीच गोष्ट कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांची. डबा चांगला आहे म्हणून धुऊन त्यात तेल किंवा पीठ ठेवणे ही काटकसर नव्हे.

आता घरातील सर्वांत नाजूक खर्चाकडे, म्हणजे बाईच्या ताटाकडे वळावे लागेल. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा 54 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक! सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते खाण्याची रीत याला पुष्कळ अंशी कारण आहे. पुरुष अंगाने मोठा, म्हणून त्याला भाकरी अधिक लागते हे बरोबरच आहे. कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला सुमारे 3470 व स्त्रीस 2720 उष्मांक लागतात. परंतु लोहाचे प्रमाण उलट आहे. पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह पुरते, तर स्त्रीला 29 मिलिग्रॅम लागते. म्हणजे भाकरी एखादी कमी चालेल. डाळ, पालेभाजी, शेंगदाणे व तीळ मात्र तिच्या ताटात पुरुषाहून कमी असता कामा नयेत. रक्त कमी असलेल्या बाईला खुरपणीत दम लागतो, पात मागे राहते, चक्कर येते, आणि लोक तिला आळशी म्हणतात. घरातील निम्मी शेतमजुरी जिच्या अंगबळावर चालते, तिच्या डाळीत बचत करणे म्हणजे बैलाची वैरण तोडून नांगरट लवकर उरकण्याची अपेक्षा करणे होय.

यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी लागत नाही. चहा तासाभराने घ्यावा. भाजीवर लिंबू पिळल्यास, किंवा जेवणात आवळा, पेरू, हिरवी कोथिंबीर असल्यास तेच लोह अधिक अंगी लागते. बाजरी पेरणाऱ्यांनी 'धनशक्ती' या लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या वाणाचा विचार करावा. हा संकरित वाण नसल्यामुळे त्याचे बियाणे शुद्ध राखल्यास घरचेच पुन्हा पेरता येते. उपकेंद्रात व आशाताईंकडे लोहाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. त्या घेतल्यावर मळमळते किंवा शौचास काळे होते म्हणून बऱ्याच स्त्रिया त्या कोनाड्यात टाकून देतात. शौचाचा रंग बदलला तरी त्यात भिण्यासारखे काही नाही, आणि मळमळ होत असल्यास गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. मात्र ती चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. रक्ताची तपासणी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे रक्तद्रव्य 12 व गरोदर स्त्रीचे 11 ग्रॅमच्या खाली असेल, तर ते कमी समजावे.

भाजीसाठी परसबाग करावी, हे आता सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा एवढेच सांगावयाचे की, न्हाणीचे व भांड्यांचे पाणी एका शेवग्याला, एका पपईला व कढीलिंबाला पुरते. आणि मेथी, राजगिरा, तांदुळजा या पालेभाज्या महिन्याभरात कापणीस येतात. दुधाबद्दल मात्र थोडे कडक बोलले पाहिजे. गाय घरची आणि मुलांना चहापुरतेही दूध नाही, अशी घरे गावोगाव आहेत, कारण धार काढली की चरवी थेट संकलन केंद्रावर जाते. रोजचे अर्धा लिटर दूध घरी ठेवल्याने संकलन केंद्राच्या हिशेबात जी घट येईल, ती मुलांच्या अंगावर भरून निघेल.

आजारपणाचा खर्च अचानक येतो असे म्हणतात. कोणाला व कधी, हे सांगता येत नाही हे खरे, परंतु पावसाळ्यात घरातील एखादे माणूस आजारी पडणार, हे जवळजवळ ठरलेलेच असते. समजा, आषाढात उपचारासाठी 10,000 रुपये शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढले आणि तूर विकून आठ महिन्यांनी फेडले, तर व्याजच 2,400 रुपये होते. तेवढ्याच पैशात घराची कित्येक दिवसांची डाळ आली असती. यासाठी माघ-फाल्गुनात पैसा हाती असताना आजारपणाची रक्कम निराळी काढून टपाल कार्यालयात किंवा पतपेढीत ठेवावी. बचत गटातील आईचे किंवा पत्नीचे खाते यासाठी उत्तम. त्या रकमेला पेरणीच्या वेळी सहसा हात लागत नाही. शिवाय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत आणि मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची कागदपत्रे आजार येण्यापूर्वीच तयार असावीत.

जुलाबासारखा आजार तर पहिल्या दिवशी घरीच आवरता येतो. 1971 मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य रोगी वाचविले. उपकेंद्रातील क्षारसंजीवनीची पुडी आकारमानाप्रमाणे मोजलेल्या पाण्यात, साधारणतः एक लिटर स्वच्छ पाण्यात, कालवावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचाच घ्यावा आणि मीठ कधीही जास्त होऊ देऊ नये. मुलाला उपकेंद्रातून जस्ताच्या गोळ्या आणून 14 दिवस द्याव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर मात्र घरी न थांबता त्याला दवाखान्यात न्यावे.

मग काटकसर करावी तरी कोठे? दहा रुपयांच्या दोन पुड्या रोज धरल्या, तर तंबाखूचे वर्षाला 7,300 रुपये होतात. वर काढलेल्या आषाढातील कर्जाचे हे जवळजवळ तीन चतुर्थांश आहेत. मुलांच्या हाती दिली जाणारी पाकिटातील खारी-कुरकुरीत खाणी, ज्यांच्या किमतीत पावशेर शेंगदाणे आले असते, हाही तसाच खर्च. लग्नकार्याबद्दल येथे लिहीत बसण्यात अर्थ नाही. ते एका घराने ठरवून होत नाही, गावाने ठरवावे लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा घरी गेल्यावर उपदेश करण्याऐवजी शंभर पानी वही उघडून द्यावी. ती सहावी-सातवीतील मुलाने किंवा मुलीने लिहावी, कारण ते रोज लिहितात. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि तळाशी एक तिसरी ओळ 'घरचे खाल्ले' अशी असावी. तीत घरची ज्वारी, डाळ, दूध व भाजी मापाने लिहावी. ही ओळ बारीक होऊ लागली, की आई कोठे कात्री लावीत आहे ते घराला कळेल. दर पौर्णिमेस वही सर्वांनी मिळून वाचावी, आणि वाचताना घरातील स्त्रिया उंबऱ्याआड न थांबता समोर बसलेल्या असाव्यात. सालगडी ठरविण्याचा दिवस म्हणून पाडवा शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. वही त्याच दिवशी सुरू करावी. तिच्या पहिल्या पानावर शिधापत्रिकेचा क्रमांक, आरोग्य योजनेच्या कार्डाचा क्रमांक, बचत गटाच्या बैठकीचा वार, आशाताईंचा दूरध्वनी आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून वही कंदिलाच्या किंवा दिव्याच्या खुंटीला, सर्वांच्या हाती येईल अशी टांगून ठेवावी.