यंत्रमानवासाठी दिवा कुठे ठेवावा?

एक नाणे टेबलावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि नाण्याकडे बरोबर वरून पाहा. प्रथम बॅटरीचा झोत डोळ्याजवळून खाली सोडा. नाण्याचा सपाट भाग चकाकेल व त्या चकाकीत अक्षरे पुसट होतील. आता बॅटरी खाली आणून झोत जवळजवळ टेबलाला समांतर सोडा. सपाट भाग काळा पडतो आणि अक्षरांच्या कडा उजळून निघतात! नाणे तेच, डोळा तोच. बदलली ती फक्त दिव्याची जागा.

याचे कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आपाती कोन व परावर्तन कोन समान असतात. तिरपा आलेला प्रकाश सपाट पृष्ठावरून पलीकडे निघून जातो. अक्षरांच्या उतरत्या कडांवरून मात्र त्यातला काही वर वळतो. चकचकीत पोलादी भागावरचा ओरखडा यंत्रमानवाच्या कॅमेऱ्याला दाखवायचा असला, तर हीच युक्ती वापरतात.

माणूस वस्तू हातात घेऊन उजेडाकडे वळवून पाहतो. कॅमेरा खांबाला पक्का बसवलेला. त्याच्याकडून संगणकाला मिळतात ते केवळ आकडे, म्हणजे प्रतिमेतला प्रत्येक बिंदू किती उजळ आहे ते. ब्रेकच्या भागावरची भेग त्या आकड्यांत उतरलीच नाही, तर कितीही हुशार आज्ञावलीला ती सापडणार नाही आणि तो भाग तसाच मोटारीत जाऊन बसेल. म्हणून कॅमेरा निवडण्याआधी दिव्याचा विचार करावा, असे माझे मत आहे. (प्रत्यक्षात दिवा बहुधा सर्वांत शेवटी आठवतो!)

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या संशोधकांपुढे एक अवघड प्रश्न होता. सरकत्या पट्ट्यावरून येणारे ओतीव भाग यंत्रमानवाने ओळखून उचलायचे होते. पण भाग काळपट आणि पट्टाही काळपट! त्यांनी ‘काँसाइट’ या यंत्रणेत पट्ट्यावर आडवी, अरुंद प्रकाशरेषा तिरपी पाडली. वरच्या कॅमेऱ्याने फक्त त्या रेषेच्या जागेकडे पाहायचे. भाग आला की प्रकाश त्याच्या माथ्यावर अडतो आणि रेषा तेवढ्यापुरती बाजूला सरकते. झोत ४५ अंशांचा व भाग ३ सें.मी. उंच असेल, तर रेषाही ३ सें.मी. सरकेल. कॅमेऱ्याला मूळ जागी अंधार दिसतो आणि ओळीमागून ओळ जोडत संगणक भागाची आकृती तयार करतो. रंगाचा प्रश्नच उरला नाही!

एक अडचण होती. भाग रेषेवर पोचण्याआधीच तिरपा झोत अडवी आणि त्याची सावली रेषेवर पडे. उपाय सोपा निघाला: दुसऱ्या बाजूनेही दिवा लावून त्याच जागी रेषा पाडायची. दोन्ही झोत अडले तरच अंधार. बॅटरीच्या काचेवर बारीक फट कापलेला पुठ्ठा लावून काड्यापेटीवर हा प्रयोग तुम्हाला करता येईल.

पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल, तर १/५० सेकंदाच्या चित्रात भाग १० मि.मी. सरकून प्रतिमा फासली जाते. १/१०,००० सेकंदाच्या लखलखाटात हेच सरकणे ०.०५ मि.मी. उरते. त्यात आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर थेट चालणाऱ्या साध्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान कॅमेऱ्याला कळते. खिडकीतले ऊन तर सकाळी एक, दुपारी दुसरेच. म्हणून अशा कॅमेऱ्याभोवती पुष्कळदा काळा आडोसा उभारतात आणि आतला दिवा त्यांचा स्वतःचा असतो.