जुन्या गाडीला नवा ब्रेक : मोठा नव्हे, योग्य हवा!

जुन्या गाड्यांची हौस असलेलं एखादं माणूस तुमच्याही नात्यात असेलच. आमच्या घरात ते म्हणजे काका. बंगळुरूतल्या त्यांच्या घरी चारचाकी लावायची एकच जागा आहे आणि ती 1951 सालच्या एमजी टीडीने अडवलेली आहे. एमजी म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’. आज रस्त्यावर दिसणाऱ्या हेक्टरवर जी अक्षरं असतात, तीच ही. पण टीडी ही इंग्लंडमध्ये 1949 ते 1953 या काळात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची, 1250 सीसी इंजिनची छोटीशी स्पोर्ट्स कार. दिसायला अशी देखणी की सिग्नलला शेजारचा रिक्षावालाही फोटो काढतो.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे काका मला नंदी हिल्सला घेऊन गेले. सूर्योदय पाहिला, घाट उतरलो, पायथ्याशी द्राक्षांच्या बागा सुरू झाल्या. समोर एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. काकांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. ब्रेक लागलाच नाही. काकांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी बागेच्या कडेच्या मातीत घातली. आम्ही वाचलो. हेच पाच मिनिटं आधी, घाटाच्या वळणावर झालं असतं तर?

त्या दिवशी काकूंनी जाहीर केलं, “ब्रेकचं काहीतरी करा, नाहीतर ही गाडी विका.”

एक गळती आणि चारही चाकं मोकळी

बिघाड निघाला तो मागच्या एका चाकातला, नाण्याएवढा रबरी कप. तो फाटला आणि ब्रेक फ्लुइड बाहेर वाहून गेलं. पण एका चाकाचा बिघाड चारही चाकांना का भोवला?

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलेंडरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि नळ्यांमधलं फ्लुइड दाबलं जातं. तोच दाब प्रत्येक चाकापर्यंत पोहोचतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. टीडीसारख्या जुन्या गाड्यांत मास्टर सिलेंडरला एकच कप्पा असतो. कुठेही गळती झाली की सगळा दाब तिथूनच निघून जातो.

‘टँडम’ मास्टर सिलेंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन आणि दोन वेगळे कप्पे असतात. एक पुढच्या चाकांसाठी, दुसरा मागच्या. एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते. अमेरिकेने 1968 पासून नव्या प्रवासी गाड्यांना अशी दुहेरी व्यवस्था सक्तीची केली. आज आपल्या घरातल्या साध्या हॅचबॅकमध्येही ती असते.

मोठा सिलेंडर म्हणजे जास्त ब्रेक?

काका उत्साहाने जे. सी. रोडला स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत गेले. मूळ सिलेंडरचा व्यास पाऊण इंचाहून थोडा जास्त, म्हणजे 7/8 इंच (22.2 मिमी). एका दुकानदाराने एक इंची (25.4 मिमी) टँडम सिलेंडर पुढे केला. “मोठा घ्या सर, ब्रेक जोरात लागेल.”

कलासिपाळ्यातल्या गॅरेजमध्ये आमच्या उस्तादांनी तो हातात घेतला आणि हसून बाजूला ठेवला. मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

समजा, पायाचा जोर 25 किलो. पेडलच्या तरफेने तो चौपट होऊन पिस्टनवर 100 किलो पडतो. मूळ पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 3.9 चौरस सेंमी. म्हणजे दाब साधारण 26 किलो प्रति चौरस सेंमी. एक इंची पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 5.1, म्हणजे दाब उरतो 20 च्या आसपास. पाय तोच, जोर तोच, पण ब्रेक जवळपास पाऊणपट!

मग लहान व्यासाचा बसवावा का? त्यात दाब वाढतो, पण प्रत्येक इंचाला फ्लुइड कमी ढकललं जातं. पेडल जास्त खाली जातं. चाकांतले ब्रेक पूर्ण चिकटण्याआधीच ते जमिनीला टेकू शकतं. म्हणून चाकांतले मूळ ड्रम ब्रेक तसेच ठेवायचे असतील तर व्यासही मूळचाच, फक्त कप्पे दोन. अपग्रेड म्हणजे आकार वाढवणं नव्हे, हे काकांना त्या पानावर पटलं.

बसवताना काय सांभाळायचं?

टीडीचा मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीला बसवलेला असतो. नव्यासाठी लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतलं. जुना सिलेंडर पुसून डब्यात ठेवला, म्हणजे कधी मूळ रूपात परतायचं तर वाट मोकळी. आपल्याकडे जुलै 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि त्यासाठी चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

उस्तादांनी सांगितलेल्या या गोष्टी तुमच्याही उपयोगी पडतील :

• आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते ऑइल नाही. त्यात इंजिन ऑइल पडलं तर रबर फुगून खराब होतं.

• डॉट 3 आणि डॉट 4 हे ग्लायकॉलचे, डॉट 5 सिलिकॉनचं. सिलिकॉनचं इतरांत मिसळू नका.

• डॉट 3, डॉट 4 हवेतला ओलावा शोषतात. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला.

• पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक हवी. ती नसेल तर दाब सुटत नाही आणि ब्रेक चिकटून तापतात.

• नळ्यांतली हवा पूर्ण काढा. पेडल स्पंजसारखं लागलं तर हवा अजून आत आहे.

• मास्टर सिलेंडर नवा बसवताना चाकांतले रबरी कप आणि होजही बदला. आमचं खरं दुखणं तिथेच होतं.

आणि मग परीक्षा

काम झाल्यावर उस्तादांनी गॅरेजच्या आवारातच मागच्या चाकाचा ब्लीडिंग स्क्रू मुद्दाम सैल केला आणि काकांना गाडी चालण्याच्या वेगाने पुढे घ्यायला सांगितलं. काकांनी पेडल दाबलं. ते नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं, मागून फ्लुइडची धार उडाली, पण गाडी थांबली.

बंगळुरूत ‘स्वल्प अड्जस्ट माडि’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. थोडं सांभाळून घ्या! उस्ताद हात पुसत म्हणाले, “सगळीकडे अड्जस्ट करा सर, ब्रेकमध्ये नको.”

पुढच्या रविवारी नंदी हिल्सला जाताना मला घरीच राहावं लागलं. गाडीला सीट दोनच आणि दुसरीवर स्कार्फ बांधून काकू बसल्या होत्या.