तळटाकी, खाऱ्या पाण्याच्या जलजीवालयाची

सागरी मासे व इतर जलचर ज्या काचेच्या टाकीत पाळतात, तिच्या खाली, बहुधा कपाटात, बसविलेल्या आणि पाणी शुद्ध करण्याची साधने सामावून घेणाऱ्या दुसऱ्या टाकीस तळटाकी म्हणतात. हौशी लोकांत तिला ‘संप’ हेच इंग्रजी नाव रूढ आहे; कामगारांच्या संपाशी त्याचा अर्थातच संबंध नाही. वरच्या टाकीतील पाणी कडेवरून ओसंडून नळाने खाली उतरते, तळटाकीच्या कप्प्यांमधून वाहते व विद्युत् पंपाने पुन्हा वर चढविले जाते.

ही कल्पना मूळची सार्वजनिक जलजीवालयांची. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ मध्ये सुरू झालेल्या जलजीवालयात विल्यम ॲलफर्ड लॉइड यांनी प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा अंधारा हौद खाली बांधला होता आणि त्यातील समुद्राचे पाणी पंपांनी सतत फिरते ठेवले होते. घरगुती टाक्यांत ही पद्धत पुष्कळ उशिरा, १९८०–९० या दशकात आली. जॉर्ज स्मिट यांनी १९८६ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात लिहिलेल्या लेखमालेमुळे तिचा विशेष प्रसार झाला.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर (स्थापना १९५१) समुद्रच होता. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील हौशी माणसाला ती सोय नाही. किनारा दूर, हवा कोरडी, उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाणारे आणि वीजपुरवठा अधूनमधून खंडित होणारा. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन सु. एक-पंचमांशाने कमी विरघळतो. शहर समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंच असल्याने हवेचा दाब कमी पडून त्यात आणखी सु. ७ टक्के घट होते. कडेवरून ओसंडताना व नळातून कोसळताना पाण्याचा हवेशी जो संपर्क येतो, तो म्हणूनच येथे अधिक मोलाचा ठरतो.

रचना : ९० × ४५ × ४५ सेंमी. मापाच्या वरच्या टाकीस ६० × ३५ × ४० सेंमी.ची तळटाकी पुरते. मात्र पुढील हिशेब बसत असेल तरच. काच ५ मिमी. जाडीची साधी घ्यावी. सांधे सिलिकोनाचे असावेत व त्यात बुरशीनाशक मिसळलेले नसावे. न्हाणीघरासाठी विकले जाणारे सिलिकोन बहुधा याच कारणाने माशांना घातक ठरते. सांधे पूर्ण वाळण्यास सु. आठवडा द्यावा. नंतर टाकी सपाट जागी थर्मोकोलच्या तावावर ठेवून साध्या पाण्याने भरावी व निदान २४ तास गळती पाहावी. वरच्या टाकीस भोक पाडायचे असल्यास हिऱ्याच्या कणांचे वर्तुळाकार पाते पाणी सोडत हलक्या हाताने चालवितात. कठिणीकृत काचेस भोक पाडता येत नाही, ती तडकून तिचा चुरा होतो. नळ व जोड पीव्हीसीचे वापरावेत. पितळ व तांबे खाऱ्या पाण्यात झिजतात आणि तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक असते.

पहिल्या कप्प्यात गाळणकापड व फेसयंत्र असते. फेसयंत्रातील बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागास प्रथिनांसारखी सेंद्रिय द्रव्ये चिकटतात व फेसाबरोबर बाहेर पडतात. ती कुजून अमोनिया होण्यापूर्वीच निघून जातात, हा त्याचा खरा लाभ. मधल्या कप्प्यात सच्छिद्र खडक ठेवतात. त्यावर वाढणारे सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्राइटात व नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करतात. त्यांची वाढ पुरेशी होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात आणि तोवर मासे सोडू नयेत. बहुतेक नवी जलजीवालये येथेच फसतात. त्याच कप्प्यात दिवा लावून शैवल वाढविल्यास नायट्रेट शोषले जाते. यानंतर सु. ३ सेंमी. अंतराने तीन आडकाचा बसवितात. पाणी पहिलीवरून, दुसरीखालून व तिसरीवरून जात असल्याने बुडबुडे मागे राहतात. शेवटचा, सु. १५ सेंमी. लांबीचा कप्पा पंपाचा.

वीज गेल्यावर : घरी बनविलेल्या तळटाकीची खरी कसोटी पंप चालू असताना नव्हे, तर तो थांबल्यावर लागते. वरील मापांत कप्प्यांतील पातळी २२ सेंमी. व पंपाच्या कप्प्यातील १८ सेंमी. ठेवल्यास तळटाकीत सु. ४४ लि. पाणी असते व सु. ४० लि. जागा मोकळी राहते. साधने ती आणखी कमी करतात. पंप थांबताच वरच्या टाकीतील पाणी कडेच्या पातळीपर्यंत, समजा २ सेंमी., उतरते. म्हणजे सु. ८ लि. आणि नळांतील २ लि. खाली येतात व तळटाकीतील पातळी सु. २६ सेंमी. होते. परंतु पाणी वर नेणाऱ्या नळाचे तोंड १० सेंमी. खोल बुडालेले असेल, तर सायफनने सु. ४० लि. पाणी उलट वाहते, नळांतील पाणी त्यात मिळते आणि घरात पाणीच पाणी होते. म्हणून ते तोंड पृष्ठभागालगत ठेवतात व पृष्ठभागाच्या किंचित खाली नळास लहान छिद्र पाडतात. पाणी उतरले की छिद्रातून हवा शिरून सायफन तुटतो. उलटप्रवाहरोधी झडपेवर विसंबणे धोक्याचे. तिच्यात क्षार बसून ती अर्धवट उघडी राहते.

याच्या उलटही घडते. उतरणीचा नळ तुंबला, तर पंप आपल्या कप्प्यातील पाणी वर ढकलीत राहतो. तो कप्पा ९.५ लि.चा असल्याने वरच्या टाकीत काठाखाली ३ सेंमी. (सु. १२ लि.) जागा सोडली की सांडण्याचे भय उरत नाही. हा हिशेब काच कापण्यापूर्वीच करावा. वीज परत आल्यावर पातळी चढलेली असते व फेसयंत्र ओसंडते. त्यामुळे त्याचे बटण वेगळे ठेवून ते थोड्या वेळाने सुरू करणे इष्ट. विजेची बटणे पातळीपेक्षा वर असावीत, तारांना खाली झोळ द्यावा आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक खटका अवश्य बसवावा. दीर्घ भारनियमनात बॅटरीवरील हवेचा पंप माशांचा जीव वाचवितो.

पाणी : बेसाल्टी प्रदेशातील विंधणविहिरींचे पाणी सहसा कठीण असते व उसाच्या पाणभरती क्षेत्रात त्यात नायट्रेटही उतरते. त्यामुळे आर. ओ. यंत्राचे पाणी घेऊन त्यात दर लिटरला सु. ३५ ग्रॅ. कृत्रिम सागरी लवण मिसळतात व विशिष्ट गुरुत्व सु. १.०२५ राखतात. वरील जोडीस सु. ८ किग्रॅ. लवण लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्रातील क्षारांत सोडियम क्लोराइड सु. ७८ टक्केच असते. उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, कॅल्शियम इ. घटक जीवांना तितकेच आवश्यक असतात.

पृष्ठभागावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी चांगले थंड होते, पण ते वेगाने घटतेही. पाणी उडते, मीठ राहते. म्हणून भर नेहमी बिनमिठाच्या पाण्याची घालतात. घट केवळ पंपाच्या कप्प्यात दिसते. तेथे १ लि. घटल्यास पातळी सु. २ सेंमी. उतरते, तेव्हा काचेवरील खूण पाहून भर घालणे सोपे जाते. उन्हाळ्यात दोन दिवस घर बंद राहिले, तरी पंप हवा ओढू लागण्याचा संभव असतो. तरंगत्या गोळ्याची झडप लावलेले छोटे भरपात्र यावर उपयोगी पडते. ते मात्र लहानच असावे, कारण झडप अडकल्यास त्यातील सर्व पाणी टाकीत येऊन लवणता घसरते.

प्रवाळ, समुद्रघोडे इत्यादींना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली २००१ पासून संरक्षण असल्याने किनाऱ्यावरून प्रवाळ वा प्रवाळयुक्त खडक उचलून आणता येत नाहीत. मधल्या कप्प्यात चिनी मातीचे सच्छिद्र तुकडे वापरून तेच काम साधते. माशांपैकी क्लाउनफिशचे प्रजनन बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. असे टाकीतच जन्मलेले मासे समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा तयार खाद्य लवकर स्वीकारतात.