सोने गेले, पारा राहिला

1908 चा नाताळ. पश्चिम अलास्कातल्या ऑटर क्रीक या ओढ्याच्या गाळात जॉन बीटन आणि विल्यम डाइकमन यांना सोने लागले. बातमी फुटली आणि दोन वर्षांत त्या ओसाड प्रदेशात इडिटरॉड नावाचे गाव उभे राहिले. दुकाने, दारूचे गुत्ते, चक्क वर्तमानपत्रेही! आज तिथे मोडकळीला आलेली चार घरे आहेत.

गोठलेली वाळू वाफेने मऊ करायची, लाकडी पन्हळीत ओतायची आणि वरून पाणी सोडायचे. हलकी माती वाहून जाई, जड सोने तळाशी राही. त्याच्याबरोबर लालबुंद खडेही साठत. तो हिंगूळ, म्हणजे गंधकाशी जोडला गेलेला पारा. सोन्याची बारीक पूड धरून ठेवायला खाणवाले पारा विकत आणत आणि पन्हळीतला हिंगूळ मात्र फेकून देत. घाई माणसाला काय काय दिसू देत नाही!

या लाल दगडाचे दिवस फिरले ते कुस्कोक्विम नदीच्या काठी. तिथे 1933 मध्ये हान्स हॅल्व्हरसनला हिंगुळाची शीर सापडली. पुढे तिथेच ‘रेड डेव्हिल’ ही अलास्कातली सर्वांत मोठी पाऱ्याची खाण झाली. दगड भट्टीत भाजायचा, निघालेली वाफ थंड करायची, की पारा तयार. 1954 च्या आगीत कारखाना जळाला, तरी तो पुन्हा उभारला गेला. 1971 मध्ये काम थांबले, तोवर 35 हजारांवर फ्लास्क पारा निघाला होता. एका फ्लास्कमध्ये साडेचौतीस किलो धरले, तर सुमारे 1,200 टन.

भाजलेला चुरा खाणीजवळच्या ओढ्याकाठीच टाकलेला होता. त्यातला पारा, आर्सेनिक आणि अँटिमनी पाण्यात उतरत राहिले. शेवटी सफाईचे काम सरकारच्या गळ्यात पडले. दोष एकट्या खाणीचा नाही, इथल्या खडकांतच पारा आहे. पण दळून-भाजून तो मोकळा केला माणसाने. नदीवरच्या युपिक आणि अथाबास्कन या आदिवासींच्या गावांचे पोट मासळीवर चालते, त्यामुळे हा हिशेब त्यांच्याच ताटात येतो.

आता त्याच खोऱ्यातल्या डॉनलिन क्रीकजवळ नवी खाण येऊ घातली आहे. तिथल्या खडकात सुमारे 3 कोटी 90 लाख औंस सोने असल्याचा अंदाज आहे. गंमत म्हणजे तेही 1,200 टनांच्याच घरात जाते, आणि त्याच खडकात पाराही आहे. काही आदिवासी गावे न्यायालयात गेली. टाकाऊ गाळाच्या धरणाला मोठे भगदाड पडले तर काय, याचा सरकारने केलेला अभ्यास अपुरा असल्याचे फेडरल न्यायालयाने 2024 मध्ये ठरवले.