छताखालील खो-खो

माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव खो-खोपटूंसाठी प्रसिद्ध आहे. तेथील रामजी कश्यप हे २०२५ साली पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघातून खेळले. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात, छताखाली व मॅटवर ही स्पर्धा झाली. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळचा ५४-३६ असा पराभव केला.

या गुणसंख्येतच स्थित्यंतर दिसते. पारंपरिक सामन्यात गडी बाद केल्यास एक गुण मिळतो व पाळी नऊ मिनिटांची असते. विश्वचषकात दोन गुण व सात मिनिटे असा नियम होता. खेळाचे मर्म मात्र अबाधित राहिले. पाठलाग करणाऱ्यास सहसा मागे फिरता येत नाही, मध्यरेषाही ओलांडता येत नाही; पळणाऱ्यास दोन्हींची मुभा असते. म्हणून केवळ वेग पुरत नाही. योग्य क्षणी ‘खो’ देण्यातच पाठलागाचे चातुर्य आहे.

खरा पालट झाला तो भूमीचा. मातीचे मैदान व दोन खांब एवढ्या सामग्रीवर हा खेळ ग्रामीण महाराष्ट्रात वाढला. मातीत अंगवळणी पडलेले खांबावरचे वळण आणि सूर मॅटवर नव्याने घटवावे लागतात. शिवाय मॅटला द्रव्य लागते व छतही लागते. निर्धनासही सुलभ असणे हे ज्या खेळाचे सामर्थ्य, त्यातच साधनांच्या अभावी गावे मागे पडली, तर विश्वचषकाचे यश अपुरे ठरेल. तालुक्याच्या ठिकाणी सरावाचे मॅट उपलब्ध होणे हीच म्हणून आजची पहिली निकड होय.