खोडणारा हात आणि लिहिणारा हात

झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की आरमोरीकडे ‘सेन्सॉर’ हा शब्द कानावर पडतो. नाटकाची संहिता सरकारी मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण वर्तमानपत्रांनाच सेन्सॉर लागला होता, ते दिवस आजच्या तरुण पिढीने पाहिलेले नाहीत.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. आरमोरी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होती; गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. पेपर छापून येत होते, पण त्यांतून काय गाळले गेले हे वाचकाला कळत नव्हते. दिल्लीत हॅरी डिपेन्हा मुख्य सेन्सॉर होते, तर मुंबईत बिनोद राव. हे राव स्वतः पत्रकारितेतून आलेले गृहस्थ! ज्यांनी बातमी लिहावी, त्यांच्याच हाती ती खोडण्याची नोकरी आली. हुकूमशाहीला अशी शिकलेली, आज्ञाधारक माणसेच लागतात.

राव यांच्या कार्यालयाने मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचे ११ मजकूर नाकारले. मसानी उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मदन व न्या. कानिया यांनी निकाल दिला, की सेन्सॉरने आदेशाच्या चौकटीबाहेर जाऊ नये. शांततेने मांडलेला मतभेद हा गुन्हा नव्हे. कलम १९ ची हमी स्थगित असताना हा निकाल आला, हे विशेष.

आम्हा आंबेडकरी माणसांना खोडणारा हात नवा नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातील काही भाग नको होता. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि ते भाषण स्वतः छापले. तेथे सरकारी सेन्सॉर कोणी नव्हता. समाजच कात्री घेऊन बसला होता.

आपली मुले-मुली आज शिकून कचेऱ्यांत, वर्तमानपत्रांत जात आहेत. उद्या त्यांच्याही टेबलावर दुसऱ्याचा मजकूर येईल. वरून हुकूम आला म्हणून खरे शब्द खोडायचे काय, हा प्रश्न घरातच, जेवताना-बोलताना त्यांच्यापुढे ठेवला पाहिजे. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली, ती पगाराच्या नोकरीलाही लागू आहे.