परसातील कोंबड्यांची ओळख आणि नोंद

पोलादपूर तालुक्यातील कापडे आणि त्याच्या आसपासच्या वाड्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगराळ मुलखात वसलेल्या आहेत. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शेती मुख्यतः भाताची, आणि घरातील कर्ते पुरुष नोकरीधंद्यासाठी मुंबईस, ही या भागाची जुनी रीत आहे. अशा घरात ओटीच्या कडेला किंवा मागील दारी एखादे खुराडे असते आणि त्यात पाच-दहा गावठी कोंबड्या असतात. त्यांचा हिशेब घरातील बाईकडे असतो. अंड्यांचे आणि कोंबड्यांचे पैसे तिच्या हाती येतात. मुलांची वह्यापुस्तके, औषधपाणी, पाहुण्यांचा पाहुणचार अशा किरकोळ म्हटल्या जाणाऱ्या, परंतु अडून राहणाऱ्या गरजा त्यातून भागतात.

या लहानशा कळपाकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. गेले तरी ते सरासरीच्या रूपाने जाते. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींहून अधिक भरली आणि त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. आकडा मोठा आहे. परंतु त्यातील एखादी कोंबडी कोणती, ती कोणाची पिल्लू, तिने किती अंडी घातली आणि किती पिल्ले वाढवली, हे सांगण्याची सोय त्यात नाही. गायीम्हशींच्या कानात आज बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. परसातील कोंबडीला तसा क्रमांक नाही. तिची ओळख आहे ती केवळ मालकिणीच्या स्मरणात. ही ओळख कागदावर कशी आणावी आणि आणताना कोणत्या चुका टाळाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. सर्व कोंबड्या सारख्याच दिसतात, असे शहरातील माणसास वाटते. स्वतः कोंबड्यांना मात्र तसे वाटत नाही. थोर्लिफ श्येल्डेरूप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले होते. कळपातील प्रत्येक कोंबडी दुसरीस ओळखते आणि कोणी कोणास टोचावयाचे याचा क्रम ठरलेला असतो, हे त्याने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले. प्राण्यांच्या समाजरचनेच्या अभ्यासातील ही मूलभूत कल्पना एक-एक कोंबडी वेगळी ओळखता आली म्हणूनच निघाली. मालकीणही तेच करीत असते. काबरी, तांबडी, ठिपकी, उघड्या मानेची, उलट्या पिसांची अशी तिची नावे असतात, आणि तिच्या पुरती ती पुरेशी असतात. अडचण येते ती दुसऱ्या पिढीत. काबरीच्या चार पिल्लांपैकी तीन काबरीच निघाली, की नाव उरते आणि ओळख हरवते.

म्हणून अंगावरील खुणांचे दोन वर्ग पाडावे लागतात : जन्मभर टिकणाऱ्या आणि बदलणाऱ्या. तुऱ्याचा आकार ही टिकणारी खूण होय. एकेरी करवतीसारखा, चपटा गुलाबाच्या पाकळ्यांसारखा आणि वाटाण्याच्या दाण्यांच्या तीन ओळी मांडाव्यात तसा, असे त्याचे प्रकार आहेत. विल्यम बेटसनने १९०२ साली मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखविले, ते कोंबड्यांच्या अशाच लक्षणांच्या आधारे. मानेवर पिसे नसणे, पिसे उलटी वळलेली असणे, पायांवर पिसे असणे, पायास चारऐवजी पाच बोटे असणे, याही जन्मजात खुणा आहेत.

याउलट तुऱ्याचा रंग व मोठेपणा बदलतो. कोंबडी अंड्यावर आली की तुरा लाल व टवटवीत होतो. खुडूक झाली की तो आक्रसतो व फिका पडतो. पिसांचा रंगही पिल्लाचा एक, तलंगेचा दुसरा आणि पिसे झडून नवी आल्यावर किंचित तिसरा असा असू शकतो. पिवळे पाय ही तर विशेष फसवी खूण आहे. पिवळ्या पायांची कोंबडी सतत अंडी घालू लागली की तिच्या अंगातील पिवळे रंगद्रव्य बलकाकडे जाते. प्रथम गुदद्वाराभोवतालची कातडी, मग डोळ्याची कड, चोच आणि सर्वांत शेवटी पाय फिके होतात. तेव्हा ‘पिवळ्या पायांची’ म्हणून नोंदलेली कोंबडी काही महिन्यांनी त्या वर्णनात बसत नाही. ओळख पटविण्यास जी खूण निरुपयोगी, तीच अंडी घालण्याचा अंदाज बांधण्यास मात्र उपयोगी पडते. म्हणून तिची नोंद ओळखीच्या रकान्यात न करता तारखेसह निरीक्षणाच्या रकान्यात करावी. या पिवळेपणाचा सह्याद्रीशी एक संबंध आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा असला, तरी पिवळ्या कातडीचा जनुक राखी रानकोंबड्याकडून आला असावा, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हा राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचा, आपल्या डोंगररानांतला पक्षी आहे.

नैसर्गिक खुणा अपुऱ्या पडतात तेथे कृत्रिम खूण करावी लागते. तिचे तीन प्रकार प्रचारात आहेत. पहिला, एक दिवसाच्या पिल्लाच्या बोटांमधील पातळ पडद्यास बारीक छिद्र पाडणे. दोन्ही पायांचे मिळून असे चार पडदे असतात. प्रत्येक पडदा छिद्र असलेला किंवा नसलेला, असे धरल्यास सोळा निरनिराळ्या खुणा होतात. एकही छिद्र नसणे ही खूण बाद करावी. कारण शेजारचे बिनखुणेचे पिल्लू त्यात मिसळते. राहिल्या पंधरा. छिद्र स्वच्छ पडले नाही तर भरून येते, म्हणून ते काही दिवसांनी पुन्हा तपासावे. दुसरा, पंखाच्या कातडीच्या घडीत क्रमांकाचा धातूचा बिल्ला अडकविणे. हा पक्का असतो, परंतु वाचण्यासाठी कोंबडी हाती धरावी लागते. तिसरा, पायात रंगीत कडी घालणे. ती दुरूनही दिसतात आणि पक्ष्यास इजा करीत नाहीत. मात्र वाढत्या पिल्लाच्या पायातील कडे वेळेवर बदलले नाही तर ते मांसात रुतते. दोऱ्याची गाठ तर मुळीच वापरू नये.

रंगीत कड्यांच्या बाबतीत थोडा हिशेब करणे इष्ट आहे. तांबडा, पिवळा व हिरवा असे तीन रंग घेतले आणि प्रत्येक पायात एक कडे किंवा काहीच नाही अशी योजना केली, तर पंधरा खुणा मिळतात. परंतु डाव्या पायात तांबडे व उजव्या पायात हिरवे असलेल्या कोंबडीचे हिरवे कडे काट्याकुट्यात गळून पडले, तर ती ‘केवळ डावे तांबडे’ असलेल्या दुसऱ्याच कोंबडीच्या नावावर जाते आणि ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही पायांत कडे हवेच, असा नियम केला तर खुणा नऊच उरतात. पण एक कडे गळताच चूक उघडी पडते. पाच-दहा कोंबड्यांच्या घरास नऊ खुणा बहुधा पुरतात. अधिक खुणा मिळविण्यापेक्षा चुकलेली खूण कळणे अधिक महत्त्वाचे होय.

ओळख पक्की झाली म्हणजे नोंदीचा प्रश्न येतो. कोणते अंडे कोणत्या कोंबडीचे हे कळण्यासाठी संशोधन केंद्रांत सापळ्याचे खोपे वापरतात. कोंबडी आत शिरली की दार पडते आणि कोणी येऊन सोडवीपर्यंत ती आतच राहते. आपल्याकडे सकाळी कोंबडी चाचपून पाहण्याची आणि अंडे येणार असे वाटल्यास ती डालग्याखाली झाकून ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. अंडे बाहेर झुडपात जाऊ नये हा तिचा उद्देश. पण परिणामतः डालगे हाच आपला सापळ्याचा खोपा होतो. शिवाय एकाच कोंबडीच्या अंड्यांचा आकार, रंग व ठेवण बरीचशी कायम राहते, त्यामुळे मालकीण अंडे पाहून कोंबडी सांगू शकते. अभ्यासकाने या ज्ञानाचा उपयोग करून घ्यावा. मात्र काही दिवस डालग्याच्या पद्धतीने ते पडताळून पाहावे.

नोंदीत काय असावे हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका घरी दोन कोंबड्या आहेत. काबरीने वर्षात पंधरा-पंधरा अंड्यांचे चार हप्ते, म्हणजे ६० अंडी घातली. एकदा ती १२ अंड्यांवर रवणीस बसली. ७ पिल्ले निघाली आणि आठ आठवड्यांपर्यंत २ जगली. तांबडीने तेरा-तेरा अंड्यांचे तीन हप्ते, म्हणजे ३९ अंडी घातली. ती दोनदा, दर खेपेस ११ अंड्यांवर बसली. २२ अंड्यांतून १८ पिल्ले निघाली आणि १२ वाढली. सरासरी काढली तर कोंबडीमागे साडेएकोणपन्नास अंडी येतात आणि या सरासरीने काहीच कळत नाही. केवळ अंडी मोजली तर काबरी श्रेष्ठ. म्हणून गणपतीला गावी आलेल्या पाहुण्यांसाठी तांबडी कापली जाईल. परंतु उबविण्याची अंडी वजा केली तर काबरीकडून ४८ आणि तांबडीकडून १७ अंडी घरास मिळाली, आणि वाढलेली पिल्ले अनुक्रमे २ आणि १२. एकतीस अंडी अधिक की दहा कोंबड्या अधिक, हा प्रश्न मग घरच्या बाईपुढे स्पष्ट उभा राहतो. नोंद नसेल तर तो उभाच राहत नाही. सुरी चुकीच्या मानेवर फिरते आणि खुराडे एका वर्षात ओस पडते.

यावर जुना उपाय आहे तो असा की, अंडी काबरीची ठेवावी आणि रवणीस तांबडी बसवावी. येथेच नोंदीतील सर्वांत मोठा घोटाळा होतो. ‘तांबडीची पिल्ले’ असे सर्वजण म्हणू लागतात, परंतु रक्ताने ती काबरीची असतात. म्हणून ‘अंडे कोणाचे’ आणि ‘उबविले कोणी’ असे दोन स्वतंत्र रकाने हवेत. रवणीच्या अंड्यांवर कोळशाने खूण करण्याची चाल आहेच. मागाहून घातलेले अंडे ओळखू यावे हा तिचा हेतू. त्या खुणेच्या जागी कोंबडीचे चिन्ह काढले की काम झाले. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येताच वेगवेगळ्या आयांच्या पिल्लांना वेगळी खूण करावी.

पित्याच्या रकान्यात अधिक प्रामाणिकपणा हवा. वाडीत कोंबडे मोकळे फिरतात आणि एका संयोगानंतर कोंबडी दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ फलित अंडी घालू शकते. तीन आठवडे एकाच कोंबड्यासह कोंडून ठेवल्याखेरीज पित्याचे नाव लिहू नये, ‘अज्ञात’ लिहावे.

केवळ आईची अंडी मोजून वंश सुधारत नाही, हा धडाही जुना आहे. अमेरिकेतील मेन संस्थानाच्या कृषिसंशोधन केंद्रात १८९८ पासून सुमारे दहा वर्षे सापळ्याचे खोपे वापरून अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्या पुढील पैदाशीसाठी निवडल्या जात होत्या. रेमंड पर्ल याने त्या नोंदी तपासल्या, तेव्हा कळपाची सरासरी वाढलेली आढळली नाही. मग लेकींच्या कामगिरीवरून आईबापांची पारख करण्याचा मार्ग त्याने धरला. हे कळू शकले, कारण प्रत्येक कोंबडीची नोंद शिल्लक होती.

कोंबडी कळपातून गेली तर ती कशी गेली, हे तारखेसह लिहावे : विकली, कापली, भेट दिली, मुंगसाने नेली, घारीने उचलली, मानमोडीने मेली की नुसती हरवली. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग थोड्याच दिवसांत खुराडे रिकामे करतो. कोणत्या पक्ष्यास लस टोचली होती हे माहीत नसेल तर लस निष्फळ ठरली की दिलीच नव्हती, हे सांगता येत नाही. तसेच ‘अंडे नाही’ आणि ‘पाहिले नाही’ या दोन गोष्टी भिन्न आहेत; पहिलीस शून्य लिहावे, दुसरीस रेघ मारावी. यासाठी छापील तक्त्यांची गरज नाही. भिंतीवरील दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहिण्याची सवय घरोघर आहे. त्याच चौकटीत कोंबडीचे चिन्ह काढले तरी पुरे. महिन्याअखेर अभ्यासकाने त्या पानाचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे आणि पान घरीच राहू द्यावे.

हा शेवटचा मुद्दा केवळ शिष्टाचाराचा नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही साखर सुतारवाडी व केवनाळे येथे जीवितहानी झाली. अशा प्रसंगी कोंबड्यांचा विचार कोणाच्या मनात येत नाही आणि येऊही नये. परंतु नंतर संसार पुन्हा उभा करावयाचा असतो, आणि नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या कोंबड्यांना दर पक्ष्यामागे साहाय्य देण्याची तरतूद शासकीय निकषांत आहे. तेथे किती पक्षी होते हे सांगावे लागते. घरातील भांडी, जमीन, गुरे यांचा कोठे ना कोठे कागद असतो. बाईच्या कोंबड्यांचा नसतो. नोंदवहीमुळे तिच्या मालमत्तेस प्रथमच कागद मिळतो. म्हणून वही तिची, प्रत अभ्यासकाची, हा क्रम पाळावा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम क्षुल्लक समजू नये. एका वाडीतील दहा घरे, प्रत्येकी सात-आठ कोंबड्या आणि पूर्ण एक वर्ष, एवढ्यावर चांगला प्रबंध उभा राहू शकतो. आरंभ मात्र नमुन्याच्या संख्येपासून न करता एका खुराड्यापासून करावा. पहाटे दार उघडताना तेथे उभे राहावे आणि एकेक कोंबडी बाहेर येईल तसे तिचे नाव मालकिणीस विचारावे. वहीचे पहिले पान तिच्या उत्तरांनीच भरावयाचे आहे.